घराच्या रक्षणासाठी काडतूस निवडताना गोळी थांबते कुठे, ते आधी पाहावे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ५.५६ × ४५ (इन्सासचे) आणि ७.६२ × ३९ (एके-४७ चे) या दोन मध्यम शक्तीच्या रायफल-काडतुसांची घराच्या रक्षणाच्या दृष्टीने तुलना करणारा लेख वाचला. एका केंद्रीय सशस्त्र दलाच्या शस्त्रागारात आर्मरर म्हणून मी ३१ वर्षे नोकरी केली. या दोन्ही काडतुसांची हत्यारे खोलणे, साफ करणे, त्यांच्या नळ्यांची झीज मोजणे आणि दुरुस्तीनंतर ती चालवून पाहणे हे माझे रोजचे काम होते. ज्या ग्वाल्हेरात लग्नाच्या वरातीपासून शेतावरच्या राखणीपर्यंत सगळीकडे परवान्याची बंदूक दिसते, तिथे हा विषय मराठीत लिहिला गेला याचा मला आनंदच आहे. मात्र 'जड गोळीचा मारा अधिक, म्हणून घरासाठी तीच योग्य' हा लेखकाचा निष्कर्ष मला चुकीचा आणि धोक्याचाही वाटतो, म्हणून हे पत्र.

प्रथम एक आकडा दुरुस्त करायला हवा. लेखात ७.६२ × ३९ च्या गोळीची ऊर्जा सुमारे ३,३०० जूल दिली आहे. ती ऊर्जा ७.६२ × ५१ ची, म्हणजे आपल्या सैन्याच्या जुन्या एस.एल.आर. रायफलीच्या काडतुसाची आहे. काडतुसाच्या नावातला पहिला आकडा साधारणपणे गोळीची जाडी सांगतो आणि दुसरा पितळी केसची, म्हणजे दारू भरलेल्या नळकांड्याची, लांबी. दोन काडतुसांचा पहिला आकडा सारखा असला तरी ५१ मिलिमीटर केसमध्ये मावणारी दारू ३९ मिलिमीटर केसमध्ये मावत नाही. एके-४७ च्या काडतुसाची ८ ग्रॅमच्या आसपासची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ७१५ मीटर वेगाने बाहेर पडते, म्हणजे तिची ऊर्जा २,००० जूलच्या थोडी वर जाते. ५.५६ ची नाटो गोळी ४ ग्रॅमची; लांब नळीतून ती सेकंदाला सुमारे ९४० मीटर वेगाने निघते आणि तिची ऊर्जा १,७५० ते १,८०० जूलच्या दरम्यान भरते. लेखात दुपटीचा वाटणारा फरक प्रत्यक्षात सातव्या-आठव्या हिश्शाचा आहे, आणि लेखाची सगळी इमारत त्या चुकीच्या आकड्यावर उभी आहे.

ही काडतुसे 'मध्यम' का म्हटली जातात, हे समजल्याशिवाय तुलना पुरी होत नाही. पहिल्या महायुद्धापर्यंतच्या रायफली हजार मीटरचा विचार करून बनवलेल्या होत्या, पण शिपाई प्रत्यक्षात तीन-चारशे मीटरच्या आतच लढतो असे दिसून आले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी ७.९२ × ३३ हे आखूड काडतूस आणले, रशियाने १९४३ साली ७.६२ × ३९ चा आराखडा केला, अमेरिकेने साठीच्या दशकात एम-१६ बरोबर ५.५६ स्वीकारले आणि १९८० साली नाटोने त्याची बेल्जियममध्ये घडलेली एसएस-१०९ ही गोळी प्रमाण मानली. आपली इन्सास ५.५६ ची, अमेठीजवळ कोरव्याला बनणारी एके-२०३ मात्र ७.६२ × ३९ ची. हे सारे निर्णय मैदानातल्या शिपायासाठी झाले: त्याने किती काडतुसे पाठीवर न्यावीत, झाडीतून वा शिरस्त्राणातून गोळी पार व्हावी की नाही, असे त्यामागचे प्रश्न होते. अतिरेक्यांशी लढणाऱ्या आमच्या जवानांना एके आवडे ती याच कारणांनी, आणि त्यांची आवड रास्त होती. पण ज्या घरात भिंतीपलीकडे आपली आई झोपलेली असते, तिथे झाडीतून पार होणे हा गुण उरत नाही.

घरात महत्त्वाचा प्रश्न एकच: नेम चुकला किंवा गोळी आरपार गेली, तर ती थांबणार कुठे? या प्रश्नाने पाहिले की लेखकाचा क्रम उलटा होतो. ७.६२ × ३९ ची लष्करी गोळी जड, पोलादी गाभ्याची आणि स्वभावाने स्थिर असते. ती आपली दिशा आणि आकार बराच काळ टिकवते, म्हणून आडव्या आलेल्या वस्तूंतून पुढे जात राहते. ५.५६ ची हलकी गोळी वेगात असताना कशावर आदळली की लवकर कोलमडते, अनेकदा तुटतेही, आणि तुकड्यांची ऊर्जा झपाट्याने संपते. मात्र हे तुटणे वेगावर अवलंबून आहे. नळी आखूड झाली की वेग घटतो आणि वेगाबरोबर हा गुणही जातो. शिवाय एसएस-१०९ च्या टोकाशी पोलादाचा तुकडा असतो, त्यामुळे ती जुन्या ५५ ग्रेनच्या (सुमारे साडेतीन ग्रॅमच्या) गोळीइतकी हमखास तुटत नाही. नुसत्या '५.५६' या नावावर विसंबून चालत नाही, गोळीची जातही पाहावी लागते.

अमेरिकेत जिथे सामान्य नागरिक अशा रायफली घरात ठेवू शकतात, तिथे मऊ टोकाच्या आणि आदळल्यावर फुलणाऱ्या गोळ्या यासाठीच विकत घेतल्या जातात. सैन्यांनी अशा गोळ्या युद्धात न वापरण्याचे बंधन १८९९ च्या हेग जाहीरनाम्यापासून चालत आले आहे, आणि त्या गोळ्यांना जगभर जे नाव पडले ते आपल्या कलकत्त्याजवळच्या दमदम कारखान्याचे. अमेरिकेतल्या घरांच्या आतल्या भिंती बहुधा लाकडी चौकटीवर दोन्ही बाजूंनी अर्ध्या इंचाचे जिप्सम बोर्ड ठोकून केलेल्या, मधून पोकळ असतात. अशा भिंती रायफलीची कोणतीही गोळी ओलांडते, ५.५६ चीसुद्धा. फरक इतकाच की हलकी, तुटणारी गोळी अशा एक-दोन भिंतींनंतर अधिक दुबळी होते आणि जड गोळी त्यामानाने कमी. खोलीच्या अंतरावर दोन्हींचा मारा गरजेपेक्षा कितीतरी जास्त असल्यामुळे हाच फरक निर्णायक ठरतो, आणि तो ५.५६ च्या बाजूने आहे. बंदुकीच्या धक्क्याचेही तसेच. ८ ग्रॅमच्या गोळीचा संवेग ४ ग्रॅमच्या गोळीच्या सुमारे दीडपट असतो, म्हणून एकाच वजनाच्या रायफलीतून दुसरा नेम साधायला तिला जास्त वेळ लागतो. अर्धवट झोपेतून उठलेल्या माणसासाठी ही गोष्ट लहान नाही.

आता तीच तुलना ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घरात आणून पाहा. माझे घर नया बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे: दगडी पाया, पक्क्या विटांच्या जाड भिंती, वर दगडी पट्ट्यांचे छत. अशी नऊ इंची वीटभिंत या दोन्ही काडतुसांची एखाददुसरी गोळी सहसा अडवते, त्यामुळे अमेरिकेतला भिंतीचा युक्तिवाद इथे जसाच्या तसा लागू होत नाही. इथे धोका दारे-खिडक्यांचा आहे. चौक, सज्जा, जाळीची खिडकी, जिन्याचे तोंड हे सगळे मोकळे असते, आणि समोरच्या घराची खिडकी दहा-बारा फुटांवर. दगडावर तिरकी लागलेली पोलादी गाभ्याची गोळी उसळी घेते आणि कुठे जाईल हे कोणीही सांगू शकत नाही. चांदमारीच्या मैदानात मागे मातीचा उंच बंधारा याच कारणासाठी घालतात. गल्लीत तो बंधारा कुठून आणायचा?

लेखात एका गोष्टीचा उल्लेखच नाही, आणि ती तरुण वाचकांना स्पष्ट सांगायला हवी. स्वयंचलित एके किंवा इन्सास हे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार निषिद्ध शस्त्र आहे, आणि आपल्याकडे घराच्या रक्षणासाठी ते कोणालाही दुकानातून घेता येत नाही. निषिद्ध शस्त्र बेकायदा बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ आणि कमाल १४ वर्षांची कैद आहे. त्याच दुरुस्तीने एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या परवान्याच्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली. माझ्या नातवाचे मित्र मोबाइलवर अमेरिकेतल्या चित्रफिती पाहून मला विचारतात, "आजोबा, यातली कुठली चांगली?" मी त्यांना आधी हे कलम सांगतो आणि मग गोळीचे शास्त्र.

तेव्हा ग्वाल्हेरात खरी निवड बारा बोरची छर्ऱ्यांची बंदूक आणि ३१५ बोरची रायफल यांच्यात असते, आणि लेखकाची 'जड म्हणजे चांगली' ही समजूत इथे अधिक नुकसान करते. ३१५ चे काडतूस मुळात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे ऑस्ट्रिया-हंगेरीचे लष्करी मॅन्लिखर काडतूस आहे. इंग्रजी अमलात सैन्याचे .३०३ खासगी लोकांना मिळू नये म्हणून हे आले, इशापूरच्या सरकारी कारखान्यातल्या रायफलीमुळे टिकले आणि चंबळमध्ये घरोघर पोचले. दरोडेखोरांच्या काळात गावकऱ्यांना ते हवे होते, कारण बीहडात, म्हणजे चंबळच्या घळींत, अंतर मोठे असे. १९७२ साली मुरैना जिल्ह्यातल्या जौऱ्यात झालेल्या दरोडेखोरांच्या मोठ्या आत्मसमर्पणानंतर तो काळ ओसरला, पण परवाने बापाकडून मुलाकडे येत राहिले. या काडतुसाची गोळी ५.५६ च्या गोळीच्या जवळजवळ चौपट वजनाची असते. ते मध्यम शक्तीचे नाही, पूर्ण शक्तीचे काडतूस आहे. गल्लीतल्या घरात त्याचा उपयोग करणे म्हणजे लेखातल्या दोन्ही काडतुसांपेक्षा वाईट निवड करणे होय.

हे मी केवळ पुस्तकी ज्ञानावर बोलत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यापासून बऱ्याच अंतरावर लग्नातला हवाई गोळीबार चालला होता. सकाळी आमच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतून धार लागलेली दिसली, आणि टाकीच्या तळाशी मला चेपलेली ३१५ ची गोळी मिळाली. आदल्या संध्याकाळी त्याच टाकीशेजारी माझी सून वाळलेले कपडे काढत होती. अशा उत्सवी गोळीबाराला २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. ती गोळी मी अजून जपून ठेवली आहे आणि परवाना घेऊ पाहणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातावर ठेवतो.

बारा बोरच्या छर्ऱ्यांची ऊर्जा अंतराबरोबर लवकर घटते, म्हणून दाट वस्तीत दुनाळीच बरी. तिच्याबद्दलही एक गैरसमज आहे की नेम धरावा लागत नाही, छर्रे खोलीभर पसरतात. तसे होत नाही. झोत साधारण दर मीटरला अडीच सेंटिमीटर रुंदावतो, म्हणजे चार-पाच मीटरवर तो जेमतेम तळहाताएवढा असतो. मोठे छर्रे साध्या लाकडी दारातूनही पार जातात. नेम धरावाच लागतो, आणि त्याआधी समोर कोण आहे हे ओळखावे लागते. बंदुकीशेजारी चांगली बॅटरी नसेल तर बंदूक उचलू नये असे मी माझ्या घरात सांगून ठेवले आहे, कारण रात्री चौकात हालणारी सावली बहुतेक वेळा पाणी प्यायला उठलेल्या घरच्याच माणसाची असते. भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये दिलेला आहे, पण तो गरजेपुरताच आहे. पळून चाललेल्या चोराच्या पाठीत घातलेली गोळी त्यात बसेल असे कोणी समजू नये.

वडिलांच्या पश्चात माझ्या परवान्यावर एक ३१५ आणि एक दुनाळी चढली होती. टाकीतली ती गोळी मिळाल्यानंतर पुढच्याच महिन्यात मी ३१५ रीतसर जमा केली आणि परवान्यातून तिची नोंद काढून घेतली. दुनाळी आहे, ती रिकामी, कुलपात असते, काडतुसे दुसऱ्या कपाटात, आणि दोन्ही किल्ल्या माझ्याकडे. ऊर्जेच्या आकड्याची दुरुस्ती आपण येत्या रविवारी त्याच पानावर छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त आर्मरर
लष्कर, ग्वाल्हेर