रंगवलेले स्प्रिंकलर

महोदय,

इमारतीला आग लागल्याची बातमी आली की ‘अग्निशमन यंत्रणा बंद होती’ हे वाक्य तिच्यात हमखास असतं. ती बंद कशी पडते, हे मी आमच्याच सोसायटीत पाहिलं.

दिवाळीआधी पार्किंग आणि पॅसेज रंगवून घेतले. रंगाऱ्याने छताबरोबर तिथल्या स्प्रिंकलरवरूनही, म्हणजे आग लागल्यावर पाणी फवारणाऱ्या तोट्यांवरूनही, रोलर फिरवला. स्प्रिंकलरच्या तोंडाशी पेन्सिलीहून बारीक अशी काचेची नळी असते. आत लालसर द्रव आणि हवेचा एक बुडबुडा. भोवतालची हवा तापली की द्रव फुगतो, 68 अंश सेल्सिअसच्या सुमारास काच फुटते, तिने दाबून धरलेलं बूच उडतं आणि पाणी सुटतं. रंग बसला की आच नळीपर्यंत उशिरा पोचते, बूचही चिकटू शकतं. असा स्प्रिंकलर खरवडून भागत नाही, बदलावाच लागतो. हा खर्च कमिटीला फालतू वाटला. रंगाच्या शेडवर मात्र तीन मीटिंगा झाल्या होत्या!

शिवाय एक भीती होतीच: कुणी उदबत्ती लावली आणि सगळे एकदम सुटले तर? हे सिनेमात होतं. नेहमीचा स्प्रिंकलर धुराने सुटत नाही, आणि ज्याच्यापर्यंत आच पोचते तेवढाच फुटतो. त्यातून मिनिटाला साधारण 80 लिटर, म्हणजे चार-पाच बादल्या पाणी पडतं. अग्निशमन दलाने होज लावला तर याच्या कितीतरी पट पाणी घरात येईल.

मग पंपरूम उघडली. पाइपातलं प्रेशर टिकवणारा छोटा जॉकी पंप ‘ऑटो’वर नव्हताच. मुख्य व्हॉल्व्ह कधीतरी गळतीसाठी बंद केलेला, तो तसाच. गेजचा काटा शून्यावर. म्हणजे काच फुटली असती तरी आतून फक्त हवा आली असती.

राज्याच्या 2006च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून तपासणीचा ‘फॉर्म बी’ घेऊन अग्निशमन दलाकडे द्यावा लागतो. आमचा जुलैचा फॉर्म फाइलला सही-शिक्क्यासह लावलेला होता.

आपल्या वाचकांनी येत्या रविवारी आपापल्या पंपरूममध्ये जाऊन तो काटा बघावा, एवढीच विनंती. किल्ली आधी मागून ठेवा. आमच्याकडे ती शोधण्यातच अर्धा तास गेला. ठेवणारा वॉचमन नोकरी सोडून गेला होता.

– एक सोसायटी सदस्य, ठाणे