डीव्हीआरचे घड्याळ दुरुस्त करू नका

महोदय,

सोसायटीत चोरी झाली की सेक्रेटरी डीव्हीआरच्या (सीसीटीव्हीचे चित्रण साठवणाऱ्या यंत्राच्या) स्क्रीनसमोर मोबाइल धरतात आणि ती क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागते. सुगावा म्हणून ती ठीक, पुरावा म्हणून लंगडी. आकार कमी होताना गाडीच्या नंबरचे आकडे पुसट होतात आणि मूळ फाइलच्या हॅशशी, म्हणजे फाइलवरून काढलेल्या बोटाच्या ठशासारख्या खुणेशी, तिचा काही संबंधच उरत नाही.

मूळ चित्रण तोवर थांबून राहत नाही. 2 एमबीपीएसने चालणारा एक कॅमेरा दिवसाला साधारण 21 जीबी खातो. आठ कॅमेरे असतील तर 1 टीबीची डिस्क सहा दिवसांत भरते आणि जुन्यावर नवे चढते. गणपतीला दहा दिवस कोकणात गेलेल्या कुटुंबाला परतल्यावर काय मिळणार?

सर्वांत आधी डीव्हीआरचे घड्याळ आणि मोबाइलचे घड्याळ एकाच फोटोत घ्या. एकात 02:14 आणि दुसऱ्यात 02:31 दिसत असेल, तर 17 मिनिटांचा हा फरक पंचनाम्यात यायला हवा. घड्याळ मात्र 'बरोबर' करू नका. नेमका इथेच हात शिवशिवतो. आतला बटणासारखा सेल संपला असेल तर वीज जाऊन आल्यावर तारीखच भलतीकडे जाते, हेही तपासा. मग घटनेच्या आगेमागे अर्धा-अर्धा तास, सगळ्या कॅमेऱ्यांचे चित्रण, मूळ फॉरमॅटमध्ये, कंपनीच्या प्लेअरसकट कोऱ्या पेनड्राइव्हवर काढा आणि एसएचए-256 पद्धतीने काढलेला हॅश तिथेच लिहून ठेवा. डिस्क काढून घरच्या कम्प्युटरला जोडू नये. अनेक डीव्हीआरची फाइल सिस्टीम विंडोजला वाचता येत नाही. ते 'फॉरमॅट करायचे का?' विचारते आणि कोणीतरी 'हो' दाबतो. प्रयोगशाळेत डिस्कवर काहीही लिहू न देणारा राइट ब्लॉकर वापरतात तो यासाठीच.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्राला दोन भाग आहेत: एक सादर करणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. हॅश दोन्हींत लागतो. जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात उमेदवारी अर्ज दुपारी तीननंतर आला का, हा वाद चित्रणाच्या सीडींवर आला आणि प्रमाणपत्रावरून थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. प्रतीसोबत प्रमाणपत्र हवेच, असे न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. मूळ यंत्रच कोर्टात हजर केले तर ते लागत नाही.

यंत्रच हॅक झाल्याचा संशय असेल तर रीत थोडी वेगळी. 2016 मध्ये कारखान्यातले पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे व डीव्हीआर बळकावणारा 'मिराई' हा घातक प्रोग्राम फक्त यंत्राच्या तात्पुरत्या मेमरीत राहत असे. वीज बंद केली की खूण गेली. म्हणून आधी नेटवर्कची वायर काढा, वीज चालू ठेवा. राउटरलाही हात लावू नका, बऱ्याच घरगुती राउटरमधल्या नोंदी बंद करताच जातात.

– एक वाचक, सांताक्रूझ (पूर्व), मुंबई