चौथी-पाचवीचा वर्ग सांभाळायला वर्गातच शिकता येतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

'छडी गेली आणि शाळेतली शिस्तही गेली' अशा सुराची पत्रं गेले काही आठवडे आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात येत आहेत. लिहिणारे बहुतेक पालक आहेत, एक-दोन निवृत्त गुरुजीही आहेत. त्यांची काळजी खरी आहे, पण त्यांनी सुचवलेला उपाय मला अजिबात मान्य नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम १७ ने मुलांना मारायला आणि मानसिक त्रास द्यायलाही बंदी केली. हे कलम नसतं तरी मी हेच लिहिलं असतं. मार खाल्लेलं मूल गप्प बसतं, पण त्याची चुकणारी वजाबाकी तशीच चुकत राहते.

मी सिन्नर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथी-पाचवीला शिकवते. दोन्ही इयत्ता एकाच खोलीत बसतात. कांदा लागणीच्या दिवसांत कितीतरी मुलं आईबापांबरोबर वावरात असतात. ती परत येतात तेव्हा बाकीचा वर्ग पुढे गेलेला असतो. त्यात हे वय वेगळं. पहिली-दुसरीतलं मूल मॅडमनी शाबासकी द्यावी म्हणून काम करतं. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला मित्रांसमोरची इज्जत जास्त मोलाची वाटते. चारचौघांत अपमान झाला की ते मूल तो दिवस शिकत नाही, आणि बऱ्याचदा दुसऱ्यालाही शिकू देत नाही. म्हणून एखाद्याला काही सुनवायचं असेल तर ते मी दारापाशी नेऊन, हळू आवाजात आणि एकट्याला सांगते. बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायला मॉनिटरला उभं करायची पद्धत अजून खूप शाळांत आहे. माझ्या वर्गात ती नाही. मॉनिटरच्या मित्रांची नावं त्या यादीत कधी येत नाहीत, हे प्रत्येक मुलाला ठाऊक असतं, आणि अन्याय या वयाला फार लवकर कळतो.

गोंधळ बहुतेक वेळा रिकाम्या मिनिटांत होतो. परिपाठ संपवून मुलं आत येतात तेव्हा, वह्या वाटताना, खिचडीनंतर, आणि ज्यांचं काम आधी संपलं त्यांच्यापाशी दुसरं काही नसतं तेव्हा. या जागा आधीच भरून ठेवल्या तर ओरडावं लागत नाही. मुलं आत येतात तेव्हा माझ्या फळ्यावर तीन गणितं लिहिलेली असतात: एक कालचं, एक महिन्यापूर्वीच्या घटकातलं आणि एक अंदाजाने सोडवायचं. मुलं ती सोडवतात तोवर माझी हजेरी होते. कागद, काड्या, नकाशे असं काही वाटायचं असेल तर आधी काम सांगायचं, मागच्या ओळीतल्या कुणाकडून तरी ते वदवून घ्यायचं आणि मगच साहित्य हातात द्यायचं. हातात साहित्य आल्यावर सूचना कुणी ऐकत नाही, मोठी माणसंही ऐकत नाहीत.

प्रश्न विचारताना आधी प्रश्न, मग थोडा थांबा, मग नाव. नाव आधी घेतलं की बाकीचे सुटले. माझ्या टेबलावर एका डब्यात आईस्क्रीमच्या काड्या आहेत, प्रत्येक काडीवर एका मुलाचं नाव. जी काडी निघेल त्याने उत्तर द्यायचं. निघालेली काडी मी परत त्याच डब्यात टाकते, म्हणजे एकदा उत्तर देऊन झालेल्यालाही जागं राहावं लागतं. ज्याला येत नाही तो 'मला वेळ द्या' म्हणू शकतो आणि मी दोन मुलांनंतर पुन्हा त्याच्याकडे येते. येते म्हणजे येतेच. ते विसरलं तर काड्यांना काही अर्थ राहत नाही.

आता हातच्याच्या वजाबाकीचं सांगते, कारण पाचवीपर्यंत सर्वांत जास्त मुलं इथेच अडतात. ४०२ मधून १७८ वजा करा म्हटलं की ३७६ हे उत्तर हमखास येतं. मुलाने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान काढलेलं असतं: आठातून दोन सहा, सातातून शून्य सात, चारातून एक तीन. म्हणजे ते निष्काळजी नाही, त्याने एक नियम ठरवला आहे आणि तो इमानाने पाळला आहे. वहीवर लाल फुली मारून हा नियम मोडत नाही. मी ते उत्तर कुणाचंही नाव न घेता फळ्यावर लिहिते आणि विचारते, 'ज्याने हे लिहिलं त्याने काय विचार केला असेल?' मुलं अक्षरशः पुढे सरकून बसतात. मग अंदाज: चारशेतून पावणेदोनशेच्या आसपास गेले, तर पावणेचारशे उरतील का? 'नाही मॅडम, सव्वादोनशेच्या जवळपास पाहिजे.' त्यानंतर काड्यांचे गठ्ठे काढायचे. शंभराचे चार गठ्ठे, सुट्या दोन काड्या, दशक एकही नाही. आठ सुट्या द्यायच्या आहेत, दोनच आहेत. मागायला जावं तर दशकाचं घर रिकामं. तेव्हा शंभराचा एक गठ्ठा सोडून दहाचे दहा गठ्ठे करावे लागतात, त्यातला एक सुटा करावा लागतो. हे एकदा हातांनी केलं की २२४ हे उत्तर मुलं स्वतःच सांगतात. या सगळ्यात पाऊण तास जातो. त्या पाऊण तासात मला कुणाला 'गप्प बस' म्हणावं लागत नाही.

'मॅडम, झालं!' म्हणणाऱ्यांसाठी खिडकीत एक खोका ठेवलेला आहे. काम झालं की शाब्दिक उदाहरण तयार करून चिठ्ठी त्यात टाकायची आणि दुसऱ्याची चिठ्ठी काढून सोडवायची. अट एकच, उदाहरण आपल्या घरातलं किंवा बाजारातलं हवं. एका मुलीने लिहिलं होतं: 'अण्णांनी ३५ क्रेट टोमॅटो मार्केटला नेले. क्रेटला २२० रुपये भाव मिळाला. गाडीभाडं जाऊन किती राहिले?' ज्याला चिठ्ठी मिळाली त्याने ७,७०० पर्यंत गणित केलं आणि खाली लिहून परत पाठवलं, 'भाडं किती ते लिही, मग सांगतो.' गणितात कोणती माहिती पुरेशी आणि कोणती नाही, हे मी कितीही वेळा सांगितलं असतं तरी इतकं पक्कं बसलं नसतं.

वाचनाचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे. पाचवीत येऊनही काही मुलं शब्दाशब्दाला थांबतात. त्यांच्यासमोर पाचवीचा धडा ठेवून 'वाच' म्हणणं म्हणजे त्यांना रोज हरवणं. 'प्रथम' संस्थेने रुजवलेली पद्धत आम्ही रोज एक तास वापरतो: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यातलं मुलाला जे जमतं तिथून सुरुवात, इयत्ता कुठलीही असो. गट मात्र कायमचे ठेवायचे नसतात. दर काही आठवड्यांनी मूल पुन्हा वाचून दाखवतं आणि गट बदलतो. हे झालं नाही तर खालचा गट म्हणजे मुलाच्या कपाळावरचा शिक्का होतो.

हे सारं मी कुठल्या प्रशिक्षणात शिकले नाही. एका ज्येष्ठ शिक्षिकेच्या वर्गात मागे बसून पाहिलं, दुसऱ्या दिवशी करून पाहिलं. आणि खरं तर हेच लिहायला हे पत्र आहे. केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद दर महिन्याला होते. तिचा बराच वेळ परिपत्रकं, भरायची माहिती आणि पडद्यावरच्या स्लाइड्स यांत जातो. त्या दिवशी आम्हा शिक्षकांसमोर एकही मूल नसतं. दहा वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या (बीट म्हणजे शाळांचा एक गट) शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक जात होते, ते भाषण ऐकायला नव्हे. मुलं जमिनीवर साहित्य मांडून आपापली कशी शिकतात, ते त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं. तशी सोय प्रत्येक केंद्रात का नसावी? परिषदेचे पहिले दोन तास यजमान शाळेतला चालू वर्ग पाहावा. पाहणाऱ्यांनी शिक्षकाला गुण देऊ नयेत, अहवाल लिहू नये. एकच गोष्ट टिपावी: कोणतं मूल कधी कामातून सुटलं आणि का. नंतर तासभर तेवढ्यावरच बोलावं. याला निधी लागत नाही. लागते ती एक व्यवस्था: दोनशिक्षकी शाळेतला एक शिक्षक परिषदेला गेला की दुसऱ्याच्या गळ्यात सगळ्या इयत्ता पडतात, तेव्हा त्या दिवसापुरता कुणीतरी बदली द्यायला हवा.

पालकांनाही एक विनंती आहे. 'मॅडम, हाणा त्याला, आमची काही हरकत नाही' असं आपल्या लेकरासमोर म्हणू नका. त्याऐवजी एखाद्या दिवशी वर्गात येऊन अर्धा तास मागे बसा. माझ्या शाळेत त्यासाठी परवानगी मागायची गरज नाही.

आणि आमच्या केंद्रात चालू वर्ग पाहायची सुरुवात करायची ठरली, तर पहिला वर्ग माझा ठेवावा. वजाबाकीचा घटक जुलैत असतो.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका,
ता. सिन्नर, जि. नाशिक