हानलेचा काळोख कायद्याने राखा: केंद्रीय विज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

सन्माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार.

मी पुण्याचा. अमावस्येच्या जवळचा शनिवार आला की दुर्बीण गाडीत टाकायची आणि शाळकरी मुलांना आकाशदर्शनाला घेऊन जायचं, हा आमच्या छोट्या मंडळाचा कित्येक वर्षांचा नेम. आधी सिंहगडाच्या पायथ्याशी जायचो. तिथे दिवे वाढले म्हणून पानशेतकडे सरकलो, तिथून वेल्ह्याकडे. दर वेळी वाटायचं, ही जागा तरी टिकेल. हल्ली मुलांना आकाशगंगा दाखवताना ‘ती पांढुरकी पट्टी दिसतेय का?’ असं विचारावं लागतं, आणि मुलं भिडेखातर ‘हो’ म्हणतात.

हानलेला कुणालाही असं विचारावं लागलं नाही. लडाखमध्ये, लेहपासून अडीचशे किलोमीटरवरचं, चांगथांगच्या पठारावरचं हे गाव. ज्या घरात आम्ही उतरलो होतो, तिथल्या आमा-लेंनी (लडाखीत घरच्या आईला आदराने असं म्हणतात) दिवस मावळताच आधी खिडक्यांचे जाड पडदे ओढले, कडा नीट दाबून बसवल्या आणि मगच स्वयंपाकघरातला दिवा लावला. त्यात ना कुरकुर, ना पाहुण्यांना दाखवण्याचा भाव. देवापुढे निरांजन लावावं तितक्या सहज. बाहेर आलो तर धनू राशीकडचा आकाशगंगेचा फुगवटा डोंगराच्या कडेला टेकलेला, आणि त्यातल्या काळ्या धुळीच्या फांद्यासुद्धा नुसत्या डोळ्यांनी वेगळ्या दिसत होत्या. आमच्यातल्या एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या साठ वर्षांच्या आहेत, आणि हे आकाश त्यांनी लहानपणी गावच्या अंगणातून पाहिलेलं होतं.

त्याच रात्री एक भाड्याची गाडी हेडलाइट फुल ठेवून वरच्या वळणावरून खाली आली. सगळा उतार पांढरा झाला. अर्ध्या मिनिटाचाच प्रकार, पण डोळे काळोखाला पुन्हा सरावायला वीस-पंचवीस मिनिटं जातात. पुढे एका नव्या तंबू-मुक्कामाच्या कुंपणावर पांढऱ्याफटक एलईडीच्या माळा लटकत होत्या. त्यांना रोखणारं कोणी तिथे दिसलं नाही. गावातला एक तरुण जाऊन हात जोडून विनंती करून आला, तेव्हा माळा विझल्या. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा लागल्या असतील का, हा विचार माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मंत्रिमहोदय, वेधशाळेसाठी ही जागा कशी निवडली गेली हे आपल्याला मी सांगण्याची गरज नाही. भारतीय खगोलभौतिकी संस्था आपल्याच खात्याखाली येते. तरी वाचकांसाठी लिहितो. दिग्पा-रत्सा री या डोंगराला आता आपण सरस्वती पर्वत म्हणतो. उंची सुमारे ४५०० मीटर. पावसाचे ढग हिमालयाच्या अलीकडेच रिते होतात, त्यामुळे पलीकडे हे थंड, कोरडं वाळवंट. हवेत बाष्प नगण्य, म्हणून अवरक्त किरणही खालपर्यंत पोहोचतात. शिवाय कॅनरी बेटं आणि ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा यांच्यामधल्या लांबलचक पट्ट्यात मोठ्या दुर्बिणी थोड्या. एखादा तारा फुटला आणि त्या वेळी इतरत्र दिवस असला, तर हानलेत रात्र असते. २ मीटर व्यासाच्या आरशाची हिमालयन चंद्रा दुर्बीण २००० सालापासून आकाश पाहते आहे, आणि तिला चालवणारी माणसं बंगळूरजवळच्या होसकोटेत बसून उपग्रहामार्फत तिला वळवतात. आयआयटी मुंबई आणि खगोलभौतिकी संस्थेची ०.७ मीटरची स्वयंचलित ‘ग्रोथ’ दुर्बीण तिथेच आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राची ‘मेस’ ही गॅमा किरणांची दुर्बीणही तिथेच, ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालेली. तिचा आरसा २१ मीटर व्यासाचा. अवकाशातून आलेला गॅमा किरण वातावरणावर आदळला की निळसर प्रकाशाची एक लकेर उमटते, सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरती. ही लकेर टिपणं हेच मेसचं काम. कुंपणावरच्या माळांशेजारी ते कसं व्हायचं?

डिसेंबर २०२२ मध्ये वेधशाळेभोवतीचं १०७३ चौरस किलोमीटर क्षेत्र ‘डार्क स्काय रिझर्व्ह’, म्हणजे काळोख्या आकाशाचं राखीव क्षेत्र, म्हणून घोषित झालं, याचा मला मनापासून आनंद आहे. गावातल्या तरुण-तरुणींना दुर्बिणी आणि प्रशिक्षण मिळालं, पाहुण्यांना आकाश दाखवून त्यांना चार पैसे मिळू लागले. पण काळोख राखण्याचं ओझं पडलंय ते मात्र याच घरांवर. पडदे त्यांनी ओढायचे, दिवे त्यांनी झाकायचे, आणि बाहेरून येणाऱ्याला विनवायचंही त्यांनीच. उमलिंग ला या उंच खिंडीकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग हानलेवरूनच जाते. त्यात महाराष्ट्राच्या नंबरप्लेटा कमी नसतात, हेही कबूल करतो.

चिलीतल्या अटाकामा वाळवंटाचं उदाहरण आपल्यापुढे आहे. सेरो पारानाल डोंगरावर ८.२ मीटरच्या चार दुर्बिणी आहेत, आणि त्या प्रदेशात दिव्यांवर १९९८ पासून सरकारी नियम आहेत. तरीही एका ऊर्जा कंपनीने शेजारीच अवाढव्य औद्योगिक संकुलाचा प्रस्ताव आणला, तेव्हा त्याने दुर्बिणींवरचं प्रकाशप्रदूषण किमान ३५ टक्क्यांनी वाढेल, असा हिशेब त्या दुर्बिणी चालवणाऱ्या युरोपीय दक्षिण वेधशाळेला २०२५ मध्ये मांडावा लागला. सव्वीस-सत्तावीस वर्षांचे नियम असून तिथे ही वेळ आली. आपण तर विनंतीवर भागवतो आहोत.

म्हणून माझं मागणं असं की या क्षेत्रात दिव्यांचे नियम दंडासकट लागू करावेत. दिव्याचं तोंड जमिनीकडे, वरून झाकण, रंग पिवळसर. निळसर पांढरा प्रकाश हवेत जास्त विखुरतो, त्यामुळे तो नकोच. रस्ता, हॉटेल, मनोरा, काहीही बांधायचं असलं तरी ही अट निविदेतच असावी. अंधार पडल्यावर पर्यटकांच्या गाड्या आत येऊ नयेत. आजारी माणसाची आणि सैन्याची गाडी अर्थातच वेगळी, सीमा तिथून जवळ आहे. आकाश किती काळं राहिलं याची मोजणी दर वर्षी लोकांपुढे ठेवावी. आणि नियम पाळला जातो की नाही हे बघण्याचं काम गावातल्याच मुलामुलींना द्यावं, पण पगारी आणि अधिकारासह, हात जोडायला लावून नव्हे.

१३.७ मीटरच्या राष्ट्रीय दुर्बिणीचा प्रस्तावही हानलेसाठीच आहे. ती उभी राहायला वर्षं लागतील. तंबू-मुक्काम उभा राहायला आठवडा पुरतो. मे महिन्यात पर्यटकांचा हंगाम सुरू होईल. नियम त्याआधी निघावेत.

आपला नम्र,
पुण्यातला एक हौशी आकाशनिरीक्षक