कम्युनिकेशन लॅब हाती घेतलेल्या मित्रास

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

इलेक्ट्रॉनिक कम्युनिकेशनच्या प्रयोगशाळेची जबाबदारी तुझ्याकडे आल्याचे वाचून आनंद झाला. प्रात्यक्षिके कशी घ्यावीत असे तू विचारले आहेस. माझे मत थोडे एकांगी आहे, तरी लिहितो.

हल्लीची ट्रेनर किट (तयार सर्किट बसवलेले शिकवणीचे संच) इतकी सोयीची आहेत, की आकृतीप्रमाणे पॅच कॉर्ड (जोडणीच्या वायरी) जोडल्या की पडद्यावर तरंग उमटतो, विद्यार्थी तो जर्नलमध्ये उतरवतो आणि सही घेऊन जातो. आतले सर्किट काय करते याच्याशी त्याचा संबंधच येत नाही. म्हणून सिग्नल नीट मिळाला, की तो मुद्दाम बिघडवायला लाव.

एएममध्ये, म्हणजे संदेशानुसार कॅरिअरची (वाहक तरंगाची) उंची बदलण्याच्या पद्धतीत, एन्व्हलपची (तरंगाची शिखरे जोडणाऱ्या रेषेची) कमाल उंची 6 व्होल्ट आणि किमान 2 व्होल्ट असेल तर मॉड्युलेशन इंडेक्स (उंची किती प्रमाणात बदलते तो आकडा) 0.5, हे गणित सगळेच करतात. त्यांना ऑसिलोस्कोप एक्स-वाय मोडवर (एक सिग्नल आडवा, दुसरा उभा) ठेवून एक्सला मूळ संदेश आणि वायला मॉड्युलेटेड तरंग द्यायला सांग. समलंब चौकोन दिसेल; इंडेक्स 1 होताच त्याचा त्रिकोण होईल, आणि मॉड्युलेटर रेषीय नसेल तर कडा वाकलेल्या दिसतील. मग डिटेक्टरचा (मूळ संदेश परत काढणाऱ्या सर्किटचा) कपॅसिटर वाढवायला लाव. एन्व्हलप ज्या वेगाने उतरते त्या वेगाने तो डिस्चार्ज होत नाही आणि साइन वेव्हची उतरती बाजू तिरपी कापली जाते.

डिजिटलमध्ये सर्वाधिक वेळ सॅम्पलिंगला, म्हणजे सिग्नलचे ठरावीक अंतराने नमुने घेण्याला, दे. दूरध्वनीत आवाज सुमारे 3.4 किलोहर्ट्झपर्यंत मर्यादित करून सेकंदाला 8,000 नमुने घेतात. प्रत्येकी 8 बिट, म्हणून सेकंदाला 64 किलोबिट. आवाज मर्यादित का करायचा, हे पुस्तकातून फारसे पटत नाही. सॅम्पलिंगआधीचा फिल्टर काढ, शेवटी स्पीकर जोड आणि टोनची वारंवारता हळूहळू वाढव. 4 किलोहर्ट्झपर्यंत, म्हणजे नमुन्यांच्या दराच्या निम्म्यापर्यंत, स्वर चढतो, त्यानंतर तो खाली उतरू लागतो. 5 दिले तर 3 ऐकू येतात, आणि ते खरे 3 की खोटे हे पुढचा कोणताही फिल्टर ओळखू शकत नाही. मागच्या टेबलावर पेंगणारी मुलेही येथे मान वर करतात.

बिटनुसार कॅरिअरची उंची बदलणारी एएसके आणि वारंवारता बदलणारी एफएसके लवकर उरकली तरी चालेल. कॅरिअरची कला (फेज) बदलणाऱ्या पीएसकेपाशी मात्र थांब: रिसीव्हरने कॅरिअर 180 अंशांनी उलटा पकडला तर सगळेच बिट उलटतात, आणि डिफरन्शियल पद्धत (आधीच्या बिटशी तुलना करून फक्त बदल पाठवणारी) कशासाठी आली ते मुलांना समोरच दिसते.

सिम्युलेशन (संगणकावरचे आभासी प्रयोग) अवश्य करून घे, पण प्रात्यक्षिकानंतर. संगणकावर ग्राउंडची वायर कधीच सैल होत नाही. आणि एका किटवर तिघांहून अधिक जण बसवू नकोस, चौथा फक्त आकडे लिहून घेतो.

पहिल्या बॅचनंतर सविस्तर कळव.

तुझा,
विनायक