सूचना : रविवारच्या बैठकीआधी चार दिवस लिहायचं आहे

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी आपण कॅन्सरच्या निदानानंतर स्वतःत झालेल्या बदलांवर बोलणार आहोत. त्याआधी सलग चार दिवस, रोज १५ ते २० मिनिटं, मनात साचलेलं वहीत लिहा. घडलं ते आणि तेव्हा वाटलं ते, दोन्ही उतरू द्या. शुद्धलेखन बघू नका. वही कुणाला दाखवायची नाही. लिहिल्यावर काही वेळ जड वाटतं, म्हणून झोपण्यापूर्वी नको, दुपारच्या चहाआधी बसा. असह्य झालं तर तिथेच थांबा. केमोमुळे बोटं बधिर होऊन पेन धरवत नसेल तर मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा.

चौथ्या दिवशी पाच गोष्टी तपासा : नाती, नव्या वाटा, स्वतःची ताकद, श्रद्धा, रोजच्या जगण्याची किंमत. मोठ्या आघातानंतर माणसात झालेले चांगले बदल मोजणाऱ्या, टेडेस्की आणि कॅल्हून या मानसशास्त्रज्ञांच्या १९९६च्या २१ प्रश्नांच्या प्रश्नावलीतल्याच या बाजू. ‘मी खंबीर झाले’ एवढ्यावर थांबू नका. ‘आता बहिणीला मदत मागते, पूर्वी मागत नव्हते’ असं नेमकं लिहा.

बदल सापडला नाही तर तुमचं काही चुकलेलं नाही. बदल झाला तरी भीती राहतेच, विशेषतः स्कॅनच्या आधी. घरच्यांना कळकळीची विनंती : ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणून रुग्णाचं रडणं थांबवू नका. त्याने माणूस बोलायचाच बंद होतो.

दोन आठवडे झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल तर आपल्या डॉक्टरांना सांगा, किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा.