मग्दालीयेचे केस

फ्लॉरेन्स, रविवार

ती. आईस,
सा. न.

व्हिडिओ कॉलवर माझे कापलेले केस बघून तू गप्प झालीस, ते कळलं मला. वाढतील गं परत. पण आज जिचे केस बघून आले, तिच्याबद्दल तुला सांगायलाच हवं.

इथल्या अकादेमिया संग्रहालयात सगळी गर्दी मायकेलअँजेलोच्या डेव्हिडपाशी असते. तिथेच एक रंगवलेली लाकडी फळी आहे, १२८०च्या आसपासची. सोनेरी वर्खावर येशूची शिष्या संत मरीया मग्दालीया ताठ उभी, आणि गळ्यापासून पावलांपर्यंत अंगावर फक्त स्वतःचे केस. लांबून मला घोंगडीच वाटली! दोन्ही बाजूंना तिच्या आयुष्यातले आठ छोटे प्रसंग आहेत: येशूचे पाय धुतेय, मग रानातल्या गुहेत तप करतेय, तिथे देवदूत तिला अन्न आणून देतोय, शेवटी दफन. चित्रकाराचं नाव कुणालाच ठाऊक नाही.

आणि गंमत ऐक. लोक तिला पापी बाई समजत आले, पण ती पापी होती असं बायबलात कुठेच नाही. उलट मरणातून पुन्हा उठलेला येशू बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानात सगळ्यांत आधी तिलाच दिसतो. ५९१ साली पोप ग्रेगरींनी एका प्रवचनात, अश्रूंनी पाय धुणारी ती निनावी पापी बाई, येशूच्या ओळखीतली बेथानी गावची मरीया आणि ही, तिघी एकच करून टाकल्या. वाळवंट आणि केस आले ते वाळवंटात तप करणाऱ्या संत इजिप्तच्या मरीयेकडून, ती आणखी वेगळी. म्हणजे एका फळीवर चार बायका. आपल्या वाड्यात नाही का, एकीचं लफडं दुसरीच्या नावावर खपायचं, तसंच. तिच्या सणाच्या वाचनातून ती पापी बाई गेली, ती थेट कॅथलिक चर्चच्या १९६९च्या सुधारणेत.

तरी चित्रावर राग धरवत नाही. तिच्या हातातल्या पट्टीवर लॅटिनमध्ये लिहिलंय: पाप करत आलेल्यांनो, निराश होऊ नका, माझ्याकडे बघून देवाकडे परत या. धमकी नाही, नरक नाही. समोरच्या बाकावर मी बराच वेळ बसले होते.

इथल्याच दोनातेल्लो या शिल्पकाराने तिला नंतर लाकडात घडवलं, खप्पड, म्हातारी. इथल्या १९६६च्या पुरात ती मूर्ती चिखलात गेली. साफ करताना केसांत सोनेरी रंग सापडला.

दादा येणारच आहे, तर त्याच्याबरोबर खोबरेल तेलाची बाटली दे. केस आखूड असले तरी तेल लागतंच. बाबांना नमस्कार.

तुझी,
मनू